तेरावी

इल्गाचा डावा गुडघा मी अकरा हंगाम बांधला.
पट्टीचा तिसरा वेढा तिला सैल लागायचा.

लिएपायाच्या बंदरात, माशांना धुरी द्यायच्या शेडवर
बापानं ठोकलेलं पिंपाचं कडं;
वारा चेंडू पळवायचा,
म्हणून ती वाऱ्याला धरून नेम घ्यायची.
पुढे बंद हॉलमध्ये वर्षभर
तिची प्रत्येक फेक वीतभर उजवीकडे.

मग इटली, तुर्कस्तान, दोन शस्त्रक्रिया,
आणि एक लग्न, जे कुठल्याशा विमानतळावर
बॅगेसारखं राहून गेलं.

आता राष्ट्रीय संघ तिच्या हाती.
सामना रंगला की कडेला उभ्या उभ्या
तिचं उजवं मनगट वळतं, रिकामंच.
मी पाहतो. बोलत नाही.

काल रात्री यादी झाली. बारा नावं.
तेरावी दाइगा, एकोणीस वर्षांची.
इल्गालाही एकोणिसाव्या वर्षीच कळलं होतं,
दाराला डकवलेल्या कागदावरून.

कागद तिनं डकवला नाही.
लंगडत बसथांब्यापर्यंत गेली,
बर्फात, कोट न घालता.
काय बोलली, ठाऊक नाही.
परतली ती थेट माझ्या टेबलावर बसली:
"बांध रे जरा.
तिसरा वेढासुद्धा
घट्ट."