नावाची पाटी

दारावर लावतात ती नव्हे.
बाबा हातात धरून उभा राहतो ती,
त्बिलिसीच्या विमानतळावर, पहाटे साडेतीनला,
जेव्हा लांबची विमानं उतरतात
आणि शहाणी माणसं झोपलेली असतात.

पाट्या मी लिहिते.
बाबाला ती परकी लिपी जमत नाही.
पूर्वी तो भूगर्भ खात्यात होता,
डब्ल्यू काढायला गेला की डोंगरच काढतो,
वर थोडा बर्फसुद्धा.

रात्री जेवणं उरकली की फोन टुंग करतो:
विमान अमुक, माणसं इतकी, बॅगा इतक्या,
हॉटेल सोलोलाकीत, चढावरचं.
साठ लारी, ठरलेले. तासभर थांबणं फुकट.
मी टेबल पुसते, बुटाच्या खोक्याचं झाकण घेते
आणि जाड मार्करने एक माणूस लिहून काढते
जो मला कधी दिसणार नसतो.

एटेरी, अक्षर मोठं काढ, बाबा म्हणतो,
रात्रभर बसून आलेल्या माणसाला
स्वतःचं नावही चटकन ओळखू येत नाही.

कितीतरी झाली. ओयेलारान. ब्येर्क्नेस.
एकाचं आडनाव झाकणावर मावेना,
शेवटची तीन अक्षरं कडेने उभी लिहिली मी.
तो म्हणे मान वाकडी करूनच बाबाकडे आला.

वापरलेल्या पाट्यांच्या पाठीवर मी गणितं सोडवते.
बाईंना माहीत नाही
माझ्या क्षच्या मागे कोण कोण आहे.

मार्चमध्ये आलं होतं:
मर्सिए, ओडिल आणि सिल्व्हेन. माणसं दोन, बॅगा दोन.
सूचना: शक्य तर नदीकाठच्या रस्त्याने न्यावं,
आमच्यापैकी एकाला नदी बघायची आहे.
कोणाला, ते नव्हतं लिहिलं.
दोन नावांच्या मधलं ते वळणदार चिन्ह
मी तीनदा गिरवलं, छान जमेपर्यंत.

कोणी आलं नाही.
बाबा दोन तास ताटकळला, मग रिकामी गाडी घेऊन परतला,
तीही नदीकाठच्या रस्त्याने, लांबून.
का, म्हटलं, पेट्रोल काय फुकट येतं?
ठरलं होतं ना, म्हणाला.
पाटी डिकीत राहिली, स्टेपनीवर.

ऑक्टोबरात परत टुंग.
मर्सिए, ओडिल. माणसं एक. बॅग एक.
सूचनेचा रकाना कोरा.
लिहून झाल्यावरही झाकणावर जागा फार उरली.
काय करावं कळेना,
म्हणून तेच नाव पुन्हा गिरवून जाड केलं.

सहाला बाबा आला, काखेत गरम शोती,
भट्टीचा वास जिन्यापासून घरात.
कशी होती?
कोट होता करडा.
म्हातारी?
ते नाही पाहिलं.
काही बोलली?
नाही. गाडीतली बाईच बोलली तेवढी.
(आमची गाडी जपानची, तिसऱ्या हातातली.
किल्ली फिरवली की एक बाई जपानीत काहीतरी बजावते,
बाबा तिला रोज, हो हो, माहीत आहे, म्हणतो.)
कुठून नेलंस?
नदीवरून.
सूचना नव्हती तरी?
बाबा पाव तोडत होता.
हॉटेलशी डिकी उघडली, म्हणाला,
बॅग काढून दिली तर तिनं खुणेनं विचारलं,
पाटी घेऊ का.
घे म्हटलं. लोक काय काय नेतात,
मागच्या महिन्यात एकाने पाण्याची अर्धी बाटली नेली.

शाळेला निघताना मी खाली जाऊन डिकी उघडली.
माझी कालची पाटी होती तिथेच,
जाड, काळी, ओडिल मर्सिए,
एका कोपऱ्यात बाबाच्या अंगठ्याचा डाग.
स्टेपनीवर काही नव्हतं.

ती मी वर आणून ठेवली आहे.
तिच्या पाठीवर अजून
एकही गणित सोडवलेलं नाही.