सुरगाठ

मे संपत आला की
माळ्यावरचा निळा बॅरल खाली येतो.
झाकण उघडलं की आधी वास बाहेर पडतो,
जुना साबण, काडेपेट्या
आणि थोडी नदी.

बंडा म्हणतो, "झालं, हिची लगीनघाई सुरू."
म्हणू दे.
चिखलीत उन्हं आहेत तोवर
बॅरल उलटा घालून वाळवते मी.

रेशनकार्ड, सातबारा, ऋतुजाचा दहावीचा दाखला,
दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत घालून
मेणबत्तीनं तोंडं चिकटवली.
बंडाच्या साखरेच्या गोळ्या, महिनाभराच्या.
चुरमुरे, शेंगदाणे, गूळ.
तांदूळ नको.
पत्र्यावर चूल कुठं पेटती?
कबड्डीच्या सरांची शिट्टी, मागून आणलेली.
बॅटरीतले सेल उलटे घालायचे,
म्हणजे उतरत नाहीत;
हे दिलशादभाभीनं सांगितलं.
तिनं दोन रात्री काढल्यात
त्या एवढ्याशा उजेडावर.

भिंतीला दोनदा रंग दिला.
रेघ परत वर येते,
माझ्या कपाळाच्या वीतभर वर.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे धोका.
गावातली पोरं पाढ्यांआधी हे शिकतात.

पण बॅरलमध्ये न मावणारी एक गोष्ट आहे.

त्या रात्री नाव दारात आली तेव्हा
मी गोठ्यात होते, कमरेएवढ्या पाण्यात.
दावं भिजून फुगलेलं.
निरगाठ होती, माझ्याच हातची,
घट्ट, म्हैस सुटू नये म्हणून मारलेली.
नखं लावली. दात लावले.
विळा कुठं होता, आठवेना.
चांदी ओरडत नव्हती.
नुसती बघत होती माझ्याकडं,
धार काढायला उशीर झाल्यावर बघायची तशी.
मग बंडानं मला दंडाला धरून ओढलं.

आता गोठ्यात दुसरी म्हैस आहे.
तिला अजून नाव ठेवलेलं नाही.

विळा खुंटीला, रेघेच्या वर.
आणि या घरात आता निरगाठ कुणी मारायची नाही,
ना दाव्याला, ना पोत्याला, ना परकराच्या नाडीला.
ऋतुजाला डोळे मिटून करायला लावते:
एक टोक लांब सोड, फास घाल, आता ओढ.
"सुटली गं आई."
परत बांध.

पाणी आलंच नाही
तर गणपतीत बॅरल फोडते.
चुरमुऱ्यांचं भडंग होतं,
लसूण, तिखट, शेंगदाणे घालून.
न आलेल्या पुराचं भडंग
गल्लीभर वाटते मी.
बंडा म्हणतो, "औंदा तिखट कमी पडलंय."
पण ताट पुसून खातो.

मूठभर पदरात घेऊन गोठ्यात जाते.
ती खरखरीत जिभेनं तळहात चाटते.
दाव्याचं लांब टोक धरून
एक हिसका देते.
सुटतं.
परत बांधते.