नाना पेठेत, स्प्रिंगा

तांबोळी काउंटरवर दोन स्प्रिंगा ठेवतो.
एक पिवळी, आखूड, कडक:
"दोन बोटं खाली बसेल गाडी, वळणावर चिकटून जाईल."
दुसरी काळी. कंपनीची.
खोक्यावर सत्त्याण्णव सालची धूळ.

मी तळहातानं दाबून बघतो,
जसं काही कळतंच मला.

कात्रजचा जुना घाट, टायरांची किंकाळी,
शेजारी वृंदा, मांडीवरचा डबा घट्ट धरून
हसत होती तेव्हा.

आता तिच्या मणक्यात गॅप आहे.
सिंहगड रोडचा प्रत्येक स्पीडब्रेकर
तिला माझ्याआधी दिसतो,
हात दाराच्या कडीवर जातो.

"काळी द्या. बुशही रबराचेच."
तांबोळी काही बोलत नाही,
पेपरात गुंडाळतो, सुतळी बांधतो.

पायरीवरून मागे वळून
पिवळीची किंमत तेवढी विचारून ठेवतो.