रुमालाखाली

चाळीस वर्षं सांगलीच्या हळद सौद्यात
रुमालाखाली बोटं धरून भाव केले.
आता मिरजेचा डॉक्टर मनगट धरतो
तसाच, भलतीकडं बघत.
मी विचारतो, कितीला सुटलं?

डाव्या खांद्याखाली काड्यापेटीएवढा
मुनीम बसवलाय.
ठोका राहिला की पदरचा घालतो.
रात्री उशीत कान खुपसून
मी त्याची बेरीज तपासत पडतो.

रक्त पातळ करायची गोळी:
दाढीला जरा लागलं की टॉवेल भिजेतो थांबत नाही.
दंडावर निळे डाग, कुणी मारलेलं नसताना.
दुसरीनं हातपाय गार, जिभेवर पितळ.
हळकुंड चावून, डोळे मिटून सांगायचो
राजापुरी की सेलम.
आता लाकूड.

नऊची गोळी त्रिशला सहालाच देते,
दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा नाही आमच्यात.
डॉक्टरला तिनं सांगितलेलं नाही.
मशीनला कळलं असेल.

काल गावभागात जिना चढताना
पुन्हा तीच फडफड,
पोत्यात चिमणी अडकावी तशी.
कठडा धरून उभा राहिलो.
वर शेजारीण बघत होती,
म्हणून त्रिशलानं पदराखालून
माझं बोट दाबलं.
एकदा. मग थांबून, पुन्हा.

आकडा मी सांगणार नाही.