सातव्या खेपेला

परीक्षक बाईंनी टॅबवर बोट टेकवलं
आणि मान न वळवताच म्हणाल्या, पास.
सहा वेळा ज्या राउंडअबाउटनं मला गिळलं
त्यानंच आज अलगद बाहेर सोडलं.

उदयन म्हणाला, शॅम्पेन?
म्हटलं नको, ती शर्यत जिंकणाऱ्यांची,
अंगावर ओतून घेणाऱ्यांची.
मी फक्त रिव्हर्स पार्किंग केलंय,
तेही दोन दमात.

मग देऱ्यात, खाडीकाठच्या हॉटेलात, नवव्या मजल्यावर,
रोवेनानं आणली एक निळसर, ठेंगणी बाटली.
साके, ती म्हणाली, पण फसफसणारी.
झाकण चुचकारत उघडलं तिनं,
तापट पोराची समजूत काढावी तसं.
फट्ट नाही. नुसता एक सुस्कारा.

पेल्यात उतरलं ते तांदळाच्या धुवणासारखं धुरकट,
आणि तळातून मोहरीएवढे बुडबुडे
एकामागून एक, लेन न सोडता,
शेख झायेद रोडला कधी जमलं नाही अशा शिस्तीत.

पहिला घोट.
आधी गार, मग जिभेला किंचित मुंग्या,
मग कलिंगडाच्या सालीजवळचा तो पांढरा भाग असतो ना,
तसं काहीतरी,
आणि अगदी शेवटी, दाराआडून डोकावल्यासारखा,
भात.
तीन दिवस भिजलेल्या अनारशाच्या तांदळाचं
पाणी बदलताना यायचा तो आंबूस वास.
म्हणजे तिकडेही कुणीतरी
तांदूळ भिजत घालून वाट बघतं तर.

आई कढईपाशी धास्तावून बसायची:
घाई केली की अनारसा हसतो,
तुपात विरून जातो सगळा.
हा तांदूळ बघ आई,
हसण्यासाठीच भिजवलेला.

चढत नाही फारशी.
डोकं जागेवर,
खांदे तेवढे दोन बोटं खाली.

नुसरतबाजींचा फोन आला.
"आरसे, बेटा, आधी आरसे" म्हणत
दोन वर्षं घसा कोरडा केलेल्या माझ्या गुरू.
मी पेला फोनपासून लांब धरला,
उगाच, वास पेशावरपर्यंत जाईल असा.
आता स्वतः चालवत जा घरी, त्या म्हणाल्या.

आणि तेवढंच आज चालणार नव्हतं.

पर्समध्ये कोरं लायसन्स,
टॅक्सीत मागच्या सीटवर आम्ही दोघं.
प्रत्येक लाल सिग्नलला माझा उजवा पाय
पायपुसणीवर ब्रेक दाबत होता
आणि टॅक्सी, माझंच ऐकून असल्यासारखी,
थांबत होती.