मानस

आगरवाड्याच्या उपकेंद्रात, मंगळवारी,
मी दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरते
आणि सोयरू श्वास धरून बसतो,
जणू आकडा त्याच्याच हातात आहे.
एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार.
"मीठ कमी करा," मी म्हणते
आणि लगेच जीभ चावते.
त्याच्या पोटऱ्यांवर मीठ वाळलंय,
नखांच्या कडांत मीठ,
सदऱ्याच्या पाठीवर घामाचा पांढरा नकाशा.
तो हसतो. "बाये, नुस्त्याक सांग, उदक सोड म्हूण."

दुपारी मीच जाते त्याच्या बांधावर.
एप्रिल. शापोऱ्याचं पाणी
या कुंडातून त्या कुंडात उतरत
घट्ट होत आलेलं.
शेवटच्या कुंडात तो फळी ओढतो
आणि तळ पांढरा होऊन वर येतो.
मागे उरतं ते पिवळसर, तेलकट,
बोटांतून निसटणारं.
"तें कडू. तें सोडून दितात."
मी बोट जिभेला लावते.
खरंच. दवाखान्याच्या कपाटाचा वास
चाखला तर असाच लागेल.

वहीत आहे माझ्या, म्हापशाच्या प्रशिक्षणातलं,
निळ्या शाईत, अधोरेखित:
मॅग्नेशियम मिठाबरोबर खडा धरत नाही,
पाण्यातच मागे राहतं.
जे थोडं खड्यांना चिकटून येतं
ते गोणीत बसून हवेतली ओल ओढतं.
म्हणून जुलैत आमची गोणी गळायची
आणि आई तिच्याखाली करवंटी ठेवायची,
का ते न विचारता.

बांधाच्या टोकाला मानस.
भरती रेटते तेव्हा दार आपोआप मिटतं,
ओहोटीला उघडतं.
त्या दारापाशी उभी राहून सांगितलं त्याला,
जमेल तसं:
तुझ्या शिरांच्या भिंतीतही दारं आहेत, अगदी बारीक.
तिथून कॅल्शियम आत घुसतं
आणि भिंत मूठ आवळते.
वाट अरुंद, रक्त तेवढंच,
काळजाला रेटावं लागतं.
मॅग्नेशियम त्या दारात बसतं,
म्हणतं, सगळ्यांनी एकदम नाही.
ते कमी पडलं की दार सैल,
मूठ सुटायचं नाव नाही.

तो फळीला टेकून ऐकत होता.
"म्हणजे हें कडू उदक पियेवंचें?"
"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले
की तीन बगळे उडाले.
जुलाब लागतील, मूत्रपिंडं थकतील.
गोळी रोजची रोज घ्यायची, चुकवायची नाही.
आणि नाचणी खा, कुळीथ खा,
तांबडी भाजी, उकड्या तांदळाची पेज,
सुकी खारवलेली मासळी थोडी कमी.
"त्यानं किती उतरता?"
दोन, तीन, मी म्हणाले. कदाचित.
खोटं सांगता आलं नाही.
दोन-तीन ऐकून बहुतेकजण उठून जातात.
सोयरूनं बांधाकडे पाहिलं.
"कुर्लेचो बुराकय तितलोच आसता, सुरवातीक."

घरी आल्यावर बॅग उघडली ती
दुसऱ्या कुणाचाही दंड नव्हता म्हणून.
अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे आकडे लिहिते,
नवरा जहाजावर, मुलगी पुण्याला,
घरात भिंतीवरच्या घड्याळाखेरीज ठोका नाही.
डाव्या हातानं पंप दाबणं अवघड असतं.
एकशे बावन्न, अठ्ठ्याण्णव.
पुन्हा भरली हवा. एकशे पन्नास.
पट्टा सोडला तरी बराच वेळ
बोटं तळव्यात मिटलेलीच होती,
मला ते आत्ता दिसलं.

रजिस्टरात स्वतःचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं
ते ठरेना.
उद्या डॉक्टरांना दाखवेन, तेच सांगतील.
कुळीथ भिजत घातले, एक मूठ, मग आणखी अर्धी.
दिवा मालवला.
दोनच्या सुमारास भरती चढली असावी,
बांधाच्या बाजूनं
लाकडावर लाकूड लागल्याचा आवाज आला,
एकदा, आणि थोड्या वेळानं
पुन्हा.