पायांचं तसराळं

गुरुवारी ती येते, दार उघडायच्या आधीच.
वायरची पिशवी, पिशवीत छत्री, छत्रीत घडी घातलेलं वर्तमानपत्र.
तिकीट नाही इथे. तरी काउंटरपाशी थांबते,
पर्स उघडते, मिटते,
लीआन म्हणते, फुकट आहे हो बाई, गेल्या गुरुवारीही होतं,
आणि तिचा चेहरा असा होतो
की फुकट म्हणजे मालात काहीतरी खोट असणार.

हे एकेकाळी टायरचं गोदाम होतं.
सिडनीत चाळिशी ओलांडली की भिंतींना
अजून रबराचा वास सुटतो.
मी तेविता. दुसरा मजला. उभा असतो.
माझं काम एका वाक्याचं: हात लावू नका.

या मोसमात माझ्याकडे चारशे बारा तसराळी आहेत,
चीनच्या कुठल्या कुठल्या गावांतून गोळा केलेली,
इनॅमलची, टवके उडालेली,
तळाशी लाल मासे, नाहीतर फुगीर गुलाबी फुलं,
छातीच्या उंचीवर तारांनी टांगलेली.
वरून कुठूनतरी थेंब पडतो. टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग भलतीकडेच, टप्.
पहिल्या आठवड्यात मी घरचे नळ तपासायला रात्री दोनदा उठलो.
भिंतीवरच्या पाटीत सामूहिक स्मृती असं काहीसं आहे.
रोज वाचतो. रोज अर्ध्यात सोडतो.

श्रीमती छ्यू पाटीकडे बघतही नाही.
एकेकात डोकावत जाते, बाजारात भोपळा निवडावा तशी,
आणि आज पहिल्यांदाच
एकाच्या काठाला बोट लावलं तिने.
माझं वाक्य ओठांवर आलं.
तीच आधी म्हणाली, तोडक्या इंग्रजीत, "चूक.
हे तोंड धुवायचं. ते पायांचं.
शेजारी शेजारी कोण ठेवतं?
आई मारायची."
मग जरा थांबून,
"चित्रकार तरुण आहे. घरात गरम पाण्याचा नळ."

मी हसलो. हसायला नको होतं, कॅमेरा आहे.
कुठलं कशाचं, कसं कळतं, विचारलं.
तिने खांदे उडवले.
मग माझ्या बुटांकडे पाहिलं,
नऊ तासांच्या बुटांकडे,
आणि फार न शोधता
एकाकडे बोट केलं:
खोलगट, निळ्या काठाचं, माशाचा डोळा उडालेलं.
"तुझं."

दुपारभर मी त्याच्यापाशीच घोटाळलो.
एक थेंब पडेल तर शपथ.
पाच वाजता लीआनने दिवे मालवले.
अंधारात टप् झालं,
कुठे, ते काही कळलं नाही.